कोमट भिंत आणि मेजर

मेजर वाळत चालला होता. शेपटीच्या बुडाशी हाडं वर आली होती, डोक्यावरचे फुगीर उंचवटे बसून तिथे खळगे पडले होते. मर्ल हॅड्रिक भरवण्यात काही कमी करत नव्हती. सकाळी किसलेला लाल भोपळा, दुपारी पेटीत पाळलेली स्वच्छ झुरळं, संध्याकाळी चिमट्याने थेट तोंडात रातकिडा. दाढीवाला सरडा तो. पूर्वी गळ्याखालची काटेरी दाढी फुगवून कुत्र्यांनाही दटावायचा. आता मुकाट गिळायचा आणि डोळे मिटायचा.

मेजर खरा क्लेमचा, मर्लच्या नवऱ्याचा. क्लेमचं सगळं आयुष्य ओपलचे खडे शोधण्यात गेलं. राहतं घरही त्याने टेकडी पोखरूनच केलं होतं. वर उन्हाने दगड तडकले तरी आत बारा महिने तीच हवा. या गावात कूलर नाहीतर हीटर घेणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. क्लेम गेला आणि मर्लने मेजरच्या पेटीतला तापता दिवा काढून ठेवला. जमिनीखाली कशाला हवीत असली थेरं, असं तिला पहिल्यापासून वाटायचं. क्लेम त्याला रोज खांद्यावर घेऊन बाहेर जायचा, तेही बंद झालं. ती स्वतःच बाहेर पडत नव्हती.

मेजर मात्र पेटीतून सुटला की सरपटत मागच्या भिंतीपाशी जायचा. तिच्यापलीकडे क्लेमचा जुना बोगदा होता, त्यानेच बुजवलेला. मेजर भिंतीला पोट चिकटवून पडायचा. मधूनच पुढचा एक पाय उचलून सावकाश गोल फिरवायचा. मोठा सरडा समोर आला की हे सरडे तसं करतात. समोर तर नुसता दगड. मर्लने एकदा तिथे हात ठेवला. भिंत कोमट लागली, झोपलेल्या माणसाच्या पाठीसारखी.

मग तिची खात्री पटली, भिंतीआडून क्लेमच त्याला बोलावतोय. तिने आपली खुर्ची तिथेच ओढली. "क्लेम, एवढा एक तरी मला राहू दे रे," ती भिंतीला म्हणायची. तिला भीती वाटत होती. पण भिंतीला पाठ लावून बसलं की बरंही वाटायचं, खोटं कशाला सांगा.

शेजारचा स्टिपे एकदा डोकावला. तरुणपणी क्रोएशियातून आलेला, आता म्हातारा झालेला खाणवाला. त्याने मेजरला उचललं.

"अगं, हा तर गारठलाय. आणि पोटात काय कोंबलंस एवढं? गच्च झालंय."

"खातो म्हणून देते. तरी वाळतोय. क्लेम नेतोय त्याला."

"क्लेमला जिवंतपणी एक काम उरकत नव्हतं, आता मेल्यावर हे कुठलं काढतोय? अंग तापल्याशिवाय याला पचत नाही, बाई. आत नुसतं कुजतंय. आधी ऊन, मग घास."

"मग भिंतीपाशी कशाला जातो? हात लावून बघ, कोमट आहे."

स्टिपेने तळहात टेकवला. बराच वेळ ठेवला. "गार आहे, मर्ल. बाकीच्या भिंतींइतकीच."

मर्लने पुन्हा हात लावला. कोमटच होती.

स्टिपेने दोघांनाही बाहेर काढलं आणि दाराशेजारच्या मातीच्या ढिगावर बसवलं. मेजर मर्लच्या मांडीवर होता. तो उतरला, तापल्या दगडावर जाऊन चपटा पसरला. हळूहळू त्याचं अंग काळसर झालं, तोंड उघडलं, डोळ्यांत जीव आला. मर्लने त्याला परत मांडीवर घेतलं. तो परत उतरला.

"माझ्याजवळ का थांबत नाही हा?"

स्टिपेने तिचा हात हातात घेतला आणि चपापला. भर उन्हात तो हात गार होता.

"तू शेवटची जेवलीस कधी?"

मर्लला आठवेना. मनगटाचं हाड केवढं वर आलं होतं, हेही तिला आत्ता दिसलं. भिंत कोमट लागायची ती भिंतीहूनही गार असलेल्याला. आणि भिंतीआडून बोलावणं येत होतं ते मेजरला नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, आपल्याला हे मनातून ठाऊक होतं आणि आपण सुखाने तिथे बसत होतो, हे तिला कळून चुकलं.

"आज तुझ्याकडे जेवते," ती म्हणाली. "तेवढं दार तू ओढून घे. मी आत जात नाही."