मार खात शिकलेली स्पॅनिश

तोमासा डोंगर उतरून कुआउत्ला शहरात आली तेव्हा तिला स्पॅनिशचे चार-दोनच शब्द येत होते. देव, सरकार, शिपाई, बंदूक. चुलीपाशी तिच्या गावात मिश्तेक भाषाच बोलत, तिथं दुसऱ्या भाषेचं काही कामच पडलं नव्हतं.

गाव तिनं हौसेनं सोडलं नव्हतं. वरच्या गावाशी एका कुरणावरून जुनं वैर होतं. मक्याची कणसं खुडायच्या दिवसांत वरचे लोक कोयते घेऊन उतरले आणि तिचा नवरा क्रिस्पिन बांधावर त्यांच्या तावडीत सापडला. तोमासा मक्याच्या ताटांत अंग चोरून बसली होती. तिला माणसं दिसली नाहीत, आवाज तेवढा ऐकू आला. घोगरा, मध्येच चिरकणारा. "मान नको," तो बाकीच्यांना सांगत होता, "आधी हात तोडा. माझ्या भावाचे तसेच तोडले होते." क्रिस्पिनला मरायला बराच वेळ लागला.

कुआउत्लाच्या बाजारात दोन्या आंपारोची, म्हणजे आंपारोबाईंची, खाणावळ होती. मालकीणबाई अंगानं आडवी, हाताची जड. पहिल्याच सकाळी तिनं तोमासाकडे 'कुचारा' मागितली. तोमासानं सुरा नेऊन दिला, कारण सुऱ्याला 'कुचिय्यो' म्हणतात आणि तिच्या कानाला दोन्ही सारखेच. ही बया आपल्यावर सुरा उगारते असं वाटून दोन्या आंपारोनं लाकडी पळी तिच्या तोंडावर हाणली. भुवई फुटली. पळी तिच्या नाकासमोर नाचवत मालकीणबाई म्हणाली, "ही कुचारा. कळलं? कुचारा." रक्त डोळ्यात उतरत होतं आणि तोमासा तो शब्द तोंडात घोळवत होती.

पुढचे शब्दही असेच आले. घेवड्यात मिठाऐवजी साखर पडली तेव्हा मालकीणबाईनं तिची वेणी धरून तोंड पातेल्यापर्यंत वाकवलं. 'गरम' म्हणजे काय हे शिकवायला तिचा तळवा तापल्या तव्यावर टेकवला. जायचं कुठं, म्हणून तोमासा राहिली.

मटणाच्या चुलीवर फिदेन्सियो असे. एकदा तो उकळत्या चरबीची कढई घेऊन तिच्यामागून जाताना ओरडला, "अगुआस!" अगुआस म्हणजे पाणी, एवढं तिला तोवर कळू लागलं होतं. पाणी आणायला ती वळली आणि थेट कढईवर आदळली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलून निघाली. स्वैपाकघरात 'अगुआस' ओरडलं की त्याचा अर्थ 'सांभाळ' असा होतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

ते फिदेन्सियोच्या मनाला लागलं. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की तो एकेक जिन्नस उचलून नाव सांगायचा आणि तिच्याकडून म्हणवून घ्यायचा. 'पोयो' म्हणजे कोंबडी. ती 'पेलो' म्हणायची.

"अगं बाई, पेलो म्हणजे केस. लोकांना केस शिजवून घालतेस काय?"

ती हसली. गाव सोडल्यावर पहिल्यांदाच.

वर्ष उलटून गेलं. आता ती गिऱ्हाइकांचं सांगणं स्वतः ऐकून आत कळवू लागली होती. अशात बाजाराच्या दिवशी ताडाच्या टोप्या विकणारा एक डोंगरी माणूस खाणावळीत येऊन बसला. त्याला पदार्थांची नावं सांगता येईनात.

"बैलासारखा हंबरू नकोस," दोन्या आंपारो म्हणाली. "तोमासा, हा तुझ्यातला दिसतोय, बघ काय हवंय त्याला."

तोमासा जवळ गेली आणि त्यानं मिश्तेकमध्ये तोंड उघडलं. घोगरा, मध्येच चिरकणारा आवाज.

आपली भाषा ऐकून माणूस खूश झाला. नाव सांगितलं, निकांद्रो. ती कुठली, असं त्यानं विचारलं; तिनं तिसऱ्याच गावाचं नाव सांगितलं. रस्सा, भात, कोंबडी, एकेक नाव तिनं त्याला स्पॅनिशमध्ये सांगितलं आणि तो शाळेतल्या पोरासारखा तिच्यामागून म्हणत गेला. वाढता वाढता तिनं सहज विचारल्यासारखं केलं, तुमच्याकडचा कुरणाचा तंटा मिटला का?

"मिटतोय कसला," भाकरी मोडत तो म्हणाला. "त्यांनी माझ्या भावाचे हात तोडले. मी त्यांच्यातल्या एकाचे तोडले. फिटलं म्हणायचं."

तोमासा आत गेली. डुकराचं मांस तळायची लहान कढई चुलीवर होती. तिनं दोन फडक्यांनी ती उचलली, बाहेर आली आणि सगळी चरबी त्याच्या डोक्यावर ओतली.

बाक उलटलं. तो जमिनीवर लोळत चेहरा ओरबाडत होता आणि कातडी त्याच्या बोटांना चिकटून येत होती. तो आईला हाक मारत होता, मिश्तेकमध्ये. क्रिस्पिननंही तीच हाक मारली होती. आतलं काहीतरी शांत होईल असं तोमासाला वाटलं होतं. तसं झालं नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली.

दोन्या आंपारोनं एकदा तिच्याकडे पाहिलं. मग रिकामी कढई उचलली, वरवंट्याच्या दोन घावांत त्या कढईचा एक कान तोडला आणि तुकडा जमिनीवर टाकला. शिपाई आला तेव्हा ती म्हणाली, "कढईचा कान निखळला. कधीचा बदलायचा राहिला होता."

शिपायाला जखमीचा जबाब हवा होता, आणि जखमीला स्पॅनिश येत नव्हती. म्हणून तो तोमासालाच दवाखान्यात घेऊन गेला. निकांद्रोचं डोकं पट्ट्यांत गुंडाळलेलं, एकच डोळा उघडा. तिचा आवाज ऐकून त्यानं तो डोळा तिच्यावर रोखला.

"तू खालच्या गावची आहेस," तो मिश्तेकमध्ये म्हणाला.

"हो. क्रिस्पिनची बायको."

त्यानं तो डोळा शिपायाकडे वळवला. मग म्हणाला, "ह्याला सांग, कढई निसटली. आपलं आपण बघू."

तिनं ते पहिलं वाक्य शिपायाला स्पॅनिशमध्ये सांगितलं. दुसरं सांगितलं नाही.

निकांद्रो एक डोळा गमावून डोंगरात परतला. तोमासा खाणावळीतच राहिली. दोन्या आंपारो शिव्या पूर्वीसारख्याच घालायची, पण पळी उगारली की तिचा हात मध्येच थांबायचा.

पुढच्या सुगीनंतर दुसरा एक टोपीवाला जेवायला आला आणि त्यानं गावची खबर दिली. वरच्या लोकांनी क्रिस्पिनच्या धाकट्या भावाला वाटेत गाठलं होतं. डोळे काढले. तो जगला. तोमासाच्या लग्नात ह्याच दिरानं तिच्या माहेराहून मक्याची पोती पाठीवर वाहून आणली होती.

तिनं टोपीवाल्याला शेवटपर्यंत वाढलं, ताट उचललं आणि आत गेली. ती अशी का उभी राहिली आहे, असं फिदेन्सियोनं विचारलं. तिनं सगळं सांगितलं, कुरणापासून. शब्द अडले तिथं हातांनी दाखवलं. बाहेरून दोन्या आंपारो रस्सा मागत होती. फिदेन्सियोनं वाडगा भरला आणि तो स्वतःच घेऊन बाहेर गेला.