सबनीसांचा परदेश

सबनीस साहेबांनी कोणत्याही प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. चहात साखर किती घालू, असं माझ्या आईनं विचारलं, तरी ते क्षणभर छताकडे पाहत आणि म्हणत, "विचार करू." मग आई आपल्या अंदाजानं साखर घाली आणि ते निमूटपणे चहा पीत. केंद्र सरकारच्या एका खात्यात ते मोठे अधिकारी होते. तेव्हा कलकत्त्यात घेरावांचं पीक आलं होतं. एकदा कचेरीतल्या लोकांनी सबनीसांनाही खुर्चीत घेरलं. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत ते प्रत्येक मागणीला "विचार करू" म्हणत राहिले. शेवटी घोषणा देणारेच थकले आणि त्यांच्या पुढाऱ्यानं साहेबांना टॅक्सी आणून दिली. हा आपल्या मुत्सद्देगिरीचा विजय आहे, असं सबनीसांनी आम्हाला सांगितलं.

पुण्याहून बदली होऊन ते आणि मालतीकाकू भवानीपुरात आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आले. आमचं घर आजोबांपासून इथलं. मी इथेच जन्मले आणि इथल्याच एका कॉलेजात शिकवत होते, त्यामुळे सबनीस माझ्याशी वकिलातीतल्या माणसानं स्थानिक दुभाष्याशी बोलावं तसं बोलत. कलकत्त्याला ते परदेश म्हणत, आणि थट्टेनं म्हणत नसत. "परदेशात माणसानं आपली पायरी सोडू नये," असं म्हणून ते ऐन वैशाखात कोट-टाय घालून दुधी भोपळा आणायला जात. मेतकूट आणि गोडा मसाला पुण्याहून पार्सलनं येई. बंगाली शिका, असं माझ्या वडिलांनी सुचवलं तर म्हणाले, "तीन वर्षांसाठी उगाच भाषा कशाला बिघडवायची?" कोणाची, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही.

त्यांना मूलबाळ नव्हतं. साहेब कचेरीला गेले की मालतीकाकूंना दिवस खायला उठे. पुण्यात त्यांच्या चार बहिणी होत्या, इथे नळसुद्धा वेगळ्या सुरात गळतो, असं त्या म्हणत. पण महिन्याभरात त्यांना एक मैत्रीण मिळाली. आमच्या गच्चीला लागून हालदारांची गच्ची होती. हालदारगिन्नी, म्हणजे त्या घरची मालकीण, दुपारी तिथे बोंटी मांडून भाजी चिरायला बसत. एके दिवशी काकूंनी आपली विळी नेऊन कठड्याच्या अलीकडे मांडली. पायाखाली दाबायचा पाट तोच, उभं पातं तेच, फक्त विळीच्या टोकाला नारळ खवायची दातेरी चकती. ती चकती पाहून हालदारगिन्नी आनंदानं अशा ओरडल्या की खालून लोक धावत आले. त्या दिवसापासून दोघींची रोज बैठक. एकीला बंगाली येत नव्हतं, दुसरीला मराठी, आणि दोघींचं हिंदी भेंडीच्या भावापलीकडे जात नव्हतं. तरी काकू जिना उतरताना हसत असायच्या.

पुढचा घोटाळा मात्र भाषेचा नव्हता. बंगाल्यांत लग्न झालेली बाई ओळखायची ती हातातल्या शंखाच्या पांढऱ्या बांगड्यांवरून आणि भांगातल्या सिंदुरावरून. मालतीकाकूंच्या हातात काचेच्या हिरव्या बांगड्या, कपाळावर कुंकू आणि भांग कोरा. मंगळसूत्र म्हणजे हालदारगिन्नींच्या लेखी काळ्या मण्यांची एक माळ. शिवाय साहेब रस्त्यानं चालत ते काकूंच्या दहा पावलं पुढे. साऱ्या गल्लीनं निष्कर्ष काढला की साहेब अविवाहित आहेत आणि थोरली बहीण त्यांचं घर सांभाळते. आम्हाला कोणी विचारलं नाही, कारण त्यांना खात्री होती. आम्ही कोणाला सांगितलं नाही, कारण आम्हालाही खात्री होती.

हालदारबाबू निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्याकडे त्यांची पुतणी रेणू राहत असे. ती शाळेत शिकवायची, तिशी उलटलेली, लग्न राहिलेलं. एका रविवारी हालदारबाबू संदेशाचा, म्हणजे बंगाली मिठाईचा, डबा घेऊन सबनीसांकडे गेले. लग्नाची गोष्ट पहिल्या वाक्यात काढणं त्यांच्या पिढीला असभ्य वाटे. भारदस्त इंग्रजीत ते म्हणाले, की एके काळी आमच्या पूर्वजांनी मराठ्यांच्या भीतीनं बागबाजारला खंदक खणला, आता तुमच्या-आमच्यातला तो खंदक बुजवायची वेळ आली आहे. सबनीस खूश झाले. "विचार करू," ते म्हणाले आणि संध्याकाळी वर येऊन वडिलांना सांगू लागले, "इथले प्रतिष्ठित लोक बंगाल-महाराष्ट्र मैत्री मंडळ काढताहेत. अध्यक्षपद मलाच देणार असं दिसतं."

पुढच्या रविवारी हालदारबाबूंनी त्यांचं वय, पगार आणि गोत्र विचारलं.

"अध्यक्षांचा परिचय छापायला लागतो ना," सबनीस वर येऊन म्हणाले.

वडिलांनी वर्तमानपत्र खाली केलं. "गोत्रही लागतं?"

"परदेश आहे. लागत असेल."

तिसऱ्या रविवारी खालून बायकांच्या उलू घालण्याचा आवाज आला. हा मंगल आवाज कलकत्त्यात कशासाठी काढतात ते मला ठाऊक होतं, म्हणून मी धावत खाली गेले. सबनीस कोट-टाय घालून पाटावर बसले होते. कपाळावर चंदन, डोक्यावर धान आणि दूर्वा. बंगाल्यांत लग्न ठरलं की वडीलमंडळी नवऱ्यामुलाला असा आशीर्वाद देतात. सबनीस मान किंचित लववून सत्कार स्वीकारत होते. इतक्यात मालतीकाकू चहाचा ट्रे घेऊन आतून आल्या. हालदारगिन्नींनी त्यांना मिठी मारली आणि मला बंगालीत म्हणाल्या, "हिला सांग ग, भावाचं एकदा पार पडू दे, मग हिच्यासाठीही बघू. माझा एक दीर विधुर आहे."

मी भाषांतर केलं. दुसरा इलाज नव्हता.

काकूंनी ट्रे टेबलावर ठेवला. साहेबांच्या डोक्यावरच्या दूर्वांकडे नीट पाहिलं. "मुलगी चांगली आहे हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "माझी हरकत नाही. फक्त मी कुठे झोपायचं तेवढं ठरवा."

याचं भाषांतर मी केलं नाही, पण साहेबांचा चेहरा पाहून हालदारबाबूंना सगळं समजलं. मंडळी उठून गेली. संदेशाचा डबा मागे राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू विळी घेऊन गच्चीवर गेल्या. पलीकडे कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नव्हतं. आठवडा तसाच गेला. हालदारांनी नातेवाइकांना कळवून ठेवलं होतं आणि रेणू शाळेत तोंड चुकवत होती. काकूंना रेणूचं आणि हालदारगिन्नींचं वाईट वाटत होतं आणि स्वतःचंही. त्यांच्या दुपारी पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या होत्या, उलट अधिक वाईट, कारण आता काय गेलं ते त्यांना माहीत होतं.

"अहो, तुम्ही जाऊन माफी मागा," त्यांनी साहेबांना सांगितलं.

"विचार करू."

"करा. तुमचा विचार होईपर्यंत मी पुण्याला राहते. उद्या माझं तिकीट काढून आणा."

त्या पोकळ धमक्या देणाऱ्यातल्या नव्हत्या. ट्रंक पलंगाखालून बाहेर आली होती. संध्याकाळी सबनीस आमच्या दारात उभे राहिले. टाय नव्हता. "नलू," ते मला म्हणाले, "जरा दुभाषी म्हणून येशील?"

हालदारांच्या बैठकीत त्यांनी कचेरीतल्या खलित्यासारखं भाषण सुरू केलं. परस्परभिन्न रूढींमुळे उद्भवलेला गैरसमज, उभय पक्षी खेद, वगैरे. मी जमेल तसं बंगालीत सांगत होते. हालदारगिन्नींनी मला मध्येच थांबवलं.

"शंखाच्या बांगड्या नाहीत, सिंदूर नाही, ते सगळं राहू दे. याला विचार, आम्ही तीनदा याच्या घरी गेलो. तीनदा ती चहा घेऊन आली. हा एकदा तरी म्हणाला का, की ही माझी बायको?"

मी ते मराठीत सांगितलं. सबनीसांनी सवयीनं छताकडे पाहिलं. छतावर पंखा होता आणि वीज गेल्यामुळे तोही थांबलेला होता. मग त्यांनी मला हळूच विचारलं, "ते बंगालीत कसं म्हणतात?"

मी सांगितलं. ते उठले आणि तडक बाहेर पडले. हालदारबाबूंना वाटलं, माणूस रागावून गेला. पाच मिनिटांनी सबनीस मालतीकाकूंना घेऊन परत आले. काकूंचे हात कणकेचे होते. उंबऱ्यात उभं राहून, घेरावालाही न घाबरलेला तो माणूस घाम पुसत म्हणाला, "इनि आमार स्त्री."

सगळ्यात आधी आतल्या दारात उभी असलेली रेणू हसली. "काका," ती हालदारबाबूंना म्हणाली, "उन्हाळ्यात कोट घालणाऱ्या माणसापासून मी सुटले, याचा पेढा तुम्ही मला द्यायला हवा." मग सगळेच हसले. साहेबांना आशय कळला नाही, पण तेही हसले. दुसऱ्या दुपारी कठड्याशी विळी आणि बोंटी समोरासमोर बसल्या.

त्या एका वाक्यानं साहेबांना मात्र झपाटलं. मासळीवाला, पोस्टमन, ट्रामचा कंडक्टर, जो दिसेल त्याला ते काकूंची ओळख करून देत. मासळीवाल्याला तर दोनदा करून दिली, आणि हे घर मासळी खात नाही म्हणून तो बिचारा दोन्ही वेळा हळहळला. एवढ्या एका वाक्यावर त्यांनी बंगाली भाषा संपवली. तीन वर्षांची सहा झाली. परतीच्या बदलीचा अर्ज का करत नाही, असं वडिलांनी विचारल्यावर काय उत्तर मिळालं, ते सांगायला नको.

अखेर बदली झालीच. हावड्याला मुंबईच्या गाडीवर पोचवायला आम्ही गेलो. हालदारगिन्नी काकूंचा हात खिडकीतून सोडत नव्हत्या. आत समोरच्या बाकावर एक पोक्त गृहस्थ येऊन बसले. सबनीसांनी ताबडतोब कोट सारखा केला, काकूंकडे हात केला आणि ठणकावून सांगितलं, "इनि आमार स्त्री."

"अहो, मी नागपूरचा," गृहस्थ म्हणाले. "मराठीत बोला की."

सबनीस थांबले. "ही आमची..." ते म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे हे आमचं..." कान लाल झाले. परक्या भाषेत सहा वर्षं गावभर सांगितलेली गोष्ट मराठीत त्यांच्या तोंडून बाहेर पडेना.

गाडी हलली. काकूंनी हालदारगिन्नींचा हात सोडला, डोळे पुसले आणि समोरच्या गृहस्थांकडे वळल्या.

"मी मालती," त्या म्हणाल्या. "यांची बायको. मराठीत सांगायला यांना अजून थोडे दिवस लागतील."