माझी फाईल, त्यांचा कागद

कळमनुरीत माझ्या नवऱ्याला कोण वळखत न्हाई? भीमराज लॅबवाले. बारा वर्षं झाली, एका डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात रक्त काढतात. साऱ्या तालुक्याची शुगर त्यांना तोंडपाठ. शीर अशी धरतात की लेकरूसुद्धा रडत न्हाई. माणूस गुणाचा हाय, मी कुठं न्हाई म्हणते? पण त्यांच्यावरचा माझा राग अजून उतरला न्हाई, अन् तो काहून उतरला न्हाई तेच सांगते.

लग्नानंतर दोन वर्षं वाट पाहिली. दिवस राहिले न्हाईत. मग सुरू झाली माझी फाईल. हिंगोली झालं, नांदेड झालं, परभणी झालं. नळ्यांमधी औषध सोडून फोटो काढले, पोटात दुर्बीण घातली, सुया घेऊन घेऊन दंड निबर झाले. अशी सहा वर्षं. घरात बाबासाहेबांचा फोटो, अन् त्याच्यासमोरच माझ्या सासूबाई, रुक्माबाई, माझ्या कपाळाला अंगारा लावायच्या. तेबी सोसलं. एका डॉक्टरीणबाईनं एकदाच इचारलं, "मिस्टरांची तपासणी केली का?" सासूबाई म्हणाल्या, "त्याला काय धाड भरली? धडधाकट हाय माझं पोरगं." अन् आमचे हे, ज्यांचा जलम लोकांच्या तपासण्या करण्यात गेला, माझी फाईल हातात धरून गप उभे. शेवटी तं सासूबाईंनी माझी सोडचिठ्ठी करून दुसरी पोरगी आणायची बोलणी सुरू केली.

त्याच साली डॉक्टरसाहेबांनी पुरुषांच्या वंध्यत्वाचा इलाज सुरू करायचं ठरवलं. शुक्रजंतू मोजणारा शिकलेला माणूस पायजे म्हणून यांना संभाजीनगरला तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला धाडलं. तिथं तिसऱ्या दिवशी सरावाला सॅम्पल कमी पडले. शिकवणारे सर म्हणाले, आपापलंच द्या अन् आपापलंच मोजा. यांनी दिलं. बाकीच्यांच्या काचपट्टीवर नुसती वळवळ, अन् यांच्या काचपट्टीवर दोन-चार जंतू, तेबी निपचित पडलेले. काच खराब असंल म्हणून यांनी दुसरी घेतली. चार दिवसांनी पुन्हा सॅम्पल दिलं. तेच. सरांनी यांना डॉक्टराकडून तपासून घ्यायला लावलं, तं अंडकोषाच्या शिरा फुगलेल्या निघाल्या. लहानसं ऑपरेशन हाय, फरक पडू शकतो, पण शब्द देता येत न्हाई, असं सांगितलं.

हे घरी आले अन् आठ दिवस काही झालंच न्हाई असे दवाखान्यात जात राहिले. नवव्या दिवशी दुपारी मी मशीनवर ब्लाऊज शिवत व्हते, तवा शेजारी येऊन बसले, रिपोर्टचा कागद दाखवला अन् सारं सांगितलं. मला रडू आलं. खोटं काहून बोलू, त्यात जीव हलका झाल्याचंबी रडू व्हतं. सहा वर्षं मी स्वतःलाच शिव्या देत व्हते. मग हे हळूच म्हणाले, "आईला सांगू नको. गावात माझी इज्जत हाय."

तिथं माझं डोकं फिरलं.

"माझी फाईल साऱ्या भावकीनं वाचली," म्हणलं. "माझी पाळी कवा येते ते तुमच्या मावशीलाबी ठाऊक. अन् तुमचा एक कागद कपाटात? इज्जत काय तुमालाच हाय? रविवारी नामकरणाला सारे येऊन राहिले, त्यांच्यासमोर सांगा. न्हाई तं मी पुसेगावला माहेरी जाते, अन् परत येत न्हाई."

ते नामकरण माझ्या धाकट्या दिराच्या लेकराचं. बुद्धवंदना झाली, नाव ठेवलं. माझी जाऊ राणी लेकरू माझ्या मांडीवर द्यायला आली, तं सासूबाई मधीच आडव्या आल्या. "तिच्याकडं नको देऊ." साऱ्या बाया खाली पाहू लागल्या. मी यांच्याकडं पाहिलं. हे बसूनच. मी माहेरी जायला भरलेली पिशवी उचलली, तवा कुठं उठले. खिशातून कागद काढला अन् दवाखान्याच्या खिडकीवर लोकांचे रिपोर्ट वाचतात त्याच आवाजात वाचला. "नाव भीमराज भिवाजी. वय छत्तीस. शुक्रजंतू फार कमी. हालचाल जवळपास न्हाई."

सासऱ्यांनी इचारलं, "म्हंजे काय रं?"

"म्हंजे दोष माझ्यात हाय, बाबा. ज्योतीत कवाच नव्हता."

"हळू बोल," सासूबाई म्हणाल्या. "लोक ऐकून राहिले."

"ऐकू द्या," मी म्हणलं. "तुमी शेळ्या पाळता. शेळ्या गाभण राहिल्या न्हाईत तं पयले बोकडाकडं पाहता. मग घरातच काहून उलटं?"

माफी तं कुणीच मागितली न्हाई. उलट जेवणं झाल्यावर त्याच बाया, ज्या यांना दुसरी करा म्हणत व्हत्या, माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "माणूस चांगला हाय बाई, सांभाळून घे." दोष माझा वाटला तवा यांना दुसरी बायको पाहायची. दोष यांचा निघाला तं मी सांभाळून घ्यायचं. वा रं न्याय.

यांचं ऑपरेशन झालं. आकडा जरासा वाढला, लेकरू अजून न्हाई. पण आता आजूबाजूचे लॅबवाले अन् नवे डॉक्टर शुक्रजंतूंची तपासणी शिकायला यांच्याकडं येतात. पयल्या तुकडीच्या दिवशी यांनी माझी फाईल मागितली. म्हणाले, "टेबलावर ठेवतो. बाईचे सहा वर्षं हाल, अन् माणसाची तपासणी तासाभराची, हे त्यांना दिसू दे."

"न्या," मी म्हणलं. "पण तुमचा कागद तिच्यावर टाचायचा."

हे जरा घुटमळले. "नाव झाकलं तं चालंल का?"

"माझं कुणी झाकलं व्हतं?"

मग यांनी टाचणी मागितली. मी शिवणाच्या डब्यातून काढून दिली.