धारच्या कॉलनीतलं गवत

माझी आत्या देवासच्या मुलींच्या शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवायची. निवृत्तीनंतर ती एका हिंदी वर्तमानपत्रात दर आठवड्याला बागांवर लिहू लागली. ती मराठीत सांगायची, मी हिंदीत उतरवायची. तिचं म्हणणं साधं होतं: माळव्याच्या मातीत जे आपणहून उगवतं, त्याचीच बाग करावी. लॉन आणि रांगेतल्या कुंड्या तिला मुळीच पटत नसत. आमच्याकडे असं त्याआधी कोणी लिहिलं नव्हतं. ‘मॅडम घास-फूस उगवायला सांगतात’ अशी पत्रं यायची. ती शांतपणे उत्तरं देई.

ते लेख वाचून धारच्या एका कॉलनीच्या सेक्रेटरींनी तिला बोलावलं. कॉलनीच्या उताराच्या जागेवर तिने गाजर गवत तेवढं उपटायला लावलं. बाकी रानगवत राखलं आणि मधून तेरडा, तरवड लावले. भाद्रपदात उतार गुलाबी झाला. आम्ही दोघी तो बघायला गेलो, तर तिथे उघडी जमीन.

“मेहमान येणार होते ना,” सेक्रेटरी आनंदाने म्हणाले, “एकदम साफ करवून घेतलं.”

मला रडू आलं. आत्या बाकावर बसली, पाणी प्यायली, मग कॉलनीच्या माळीबाबांना विचारलं, “कापलेलं कुठे टाकलंत?”

“भिंतीमागे, बाईजी. मैंने तो मना किया था.”

“बी पिकलेलं होतं?”

“आधं-मुधं.”

“मग पुन्हा पसरून टाका.”

परतताना बसमध्ये ती म्हणाली, “चूक माझी गं. मी झाडांचा विचार केला, तिथे राहणाऱ्यांचा नाही. ते उतार बघतात आणि त्यांना वाटतं, इथे कोणी लक्षच देत नाही.”

पुढच्या लेखात तिने ही चूक जशीच्या तशी लिहिली. मग पुढचा पावसाळा लागताच धारला जाऊन कॉलनीतल्या बायकांना घेऊन उतारभर फिरली, एकेक रोप दाखवलं. माळीबाबांना म्हणाली, “कडेने हातभर पट्टी नीट कापलेली ठेवा. म्हणजे आतलं गवत मुद्दाम राखलंय, हे बघणाऱ्याला कळेल.”

त्या भाद्रपदात आम्ही पुन्हा गेलो. तेरडा विरळ होता, गवत मात्र कमरेपर्यंत आलेलं. सेक्रेटरी फाटकापाशीच भेटले. तोंडावर बोट ठेवून म्हणाले, “धीरे बोलिए, मॅडम. आत मुनियाने घरटं केलंय.”