हणमंतरावांचा जोडीदार

बुद्धप्रियाच्या खोलीवर 'सुरक्षा क्लिनिक' अशी पाटी आहे, आणि या पाटीनं तिला दिला तेवढा ताप आजवर एकाही पेशंटानं दिलेला नाही. देगलूर तालुक्यातल्या या सरकारी दवाखान्यात ती समुपदेशक म्हणून रुजू झाली, त्याच आठवड्यात एक तगडा गडी दहावीची मार्कशीट आणि चार फोटो घेऊन समोर बसला. तिनं त्याला लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजारांची अर्धा तास माहिती दिली आणि निरोधची पाकिटं हातात ठेवली. त्यानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "ते समदं ठीक हाय म्याडम, पण ड्रेस कवा भेटंल?" तो वॉचमनच्या भरतीला आला होता.

घरी तर आणखी निराळी तऱ्हा. लेक नेमकी कसली नोकरी करते हे गल्लीत सांगायची आईला, म्हणजे सरजाबाईंना, लाज वाटायची. म्हणून त्यांनी ती शुगरच्या विभागात असल्याचं परस्पर जाहीर करून टाकलं. तेव्हापासून सुट्टीला नांदेडला गेलं की बुद्धप्रियाच्या पुढ्यात शेजाऱ्यांच्या शुगरच्या रिपोर्टांचा ढीग पडतो. ती ते वाचते, भात कमी करा म्हणते आणि आईकडे डोळे वटारून बघते.

नऊ वर्षांत एक गोष्ट मात्र तिच्या पक्की ध्यानात आली. इथं या आजाराला कुणी आजार म्हणतच नाही, गरमी म्हणतात. मग गरमीवर सब्जा, गुलकंद, ताक आणि बाजारातल्या तंबूतलं औषध असं सगळं करून झालं की माणूस तिच्याकडे येतो.

हणमंतरावही असेच आले. वय चौतीस, स्वतःचा पिकअप, हळद आणि डाळी घेऊन हैदराबादच्या फेऱ्या. "लघवीला आग होऊन राहिली ताई. इंजनावर बसून बसून गरमी झाली."

"इंजनानं पू येत नाही हणमंतराव," बुद्धप्रिया म्हणाली. "हैदराबादला कुठं मुक्काम असतो?"

हणमंतराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. तिला उत्तर मिळालं. डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं. एचआयव्ही नव्हता, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं ठरलं. गोळ्यांचं पाकीट मिळालं. तिनं ठरलेली वाक्यं सांगितली: बाहेर जाल तर दर वेळी निरोध वापरा, जोडीदाराचाही इलाज करा, त्याला त्रास नसला तरी. पुढच्या वेळी जोडीदाराला घेऊन या.

महिन्यानं गडी पुन्हा हजर. तीच आग.

"जोडीदार कुठंय?"

"शेतात हाय. सोयाबीनची काढणी चालू हाय."

जाता जाता ते असंही म्हणाले की घरी मंडळीच्याही ओटीपोटात चार महिन्यांपासून दुखतंय, पण बायांचं हे चालूच असतं. बुद्धप्रियानं त्यांचा केसपेपर पुन्हा उघडला. लग्नाला पाच वर्षं झालेली, घरात पाळणा नाही, आणि हा आजार बाईच्या पोटात मुरला तर गर्भाशयाच्या नळ्या बंद पडतात. मग आयुष्यभर लोक वांझ म्हणून बोट दाखवणार ते तिच्याकडे, हैदराबादला जाणाऱ्याकडे नाही. या विचारानं ती फार चिडली. दुसरं पाकीट त्यांच्या हातात कोंबत ती म्हणाली, "हे जोडीदाराला द्या. आणि तुम्ही दोघांनी सात दिवस संबंध ठेवायचा नाही. अजिबात. नंतर त्याला इथं आणल्याशिवाय मला तोंड दाखवू नका."

पाच आठवड्यांनी तिसऱ्यांदा हणमंतराव आले, पुन्हा आग घेऊनच. पण या वेळी चेहऱ्यावर परीक्षेत पास झाल्याचा आनंद होता. "आणलाय ताई जोडीदार," ते म्हणाले आणि त्यांनी दारातून हाक मारली.

आत आला तो मिशा राखलेला, सहा फुटी गडी, ग्यानोबा.

बुद्धप्रियानं आधी ग्यानोबाकडे पाहिलं, मग हणमंतरावांकडे. असंही असू शकतं, तिनं मनात म्हटलं, आपल्याला प्रशिक्षणात सांगितलंय, चेहरा हलू द्यायचा नाही. तिनं चेहरा हलू दिला नाही.

"बसा. गोळ्या घेतल्या?"

"समद्या घेतल्या," ग्यानोबा म्हणाला. "उपाशीपोटी घेतल्या, दोनदा ओकलो. पण शाळेपासूनचा जोडीदार हाय ताई, त्याच्यासाठी एवढं करणार न्हाई का?"

"आणि सात दिवस संबंध?"

"न्हाई ठेवला," ग्यानोबा म्हणाला. त्याचा आवाज जरा जड झाला. "फोन न्हाई, चहा न्हाई, ह्यो समोरून आला की मी दुसऱ्या गल्लीनं जायाचो. गावाला वाटलं आमची बांधावरून भांडणं झाली. तिसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर बैठक बसवली, सरपंच म्हणाला हात मिळवा. आमी म्हणलं, दवाखान्यातून बंदी हाय."

बुद्धप्रियानं कपाळ धरलं. हसू आलंच होतं, पण त्याच्या आतून दुसरं काहीतरी वर आलं आणि हसू मागे राहिलं. दोन महिने वाया गेले होते. 'मंडळीला आणा' म्हणायला काय झालं होतं आपल्याला? प्रशिक्षणात जोडीदार म्हणायला शिकवलेलं, कारण प्रत्येकाचं लग्न झालेलं नसतं. ते बरोबरच होतं. पण समोरचा माणूस कोण आहे ते बघून बोलायला कुणी मना केलं नव्हतं.

"हणमंतराव," ती सावकाश म्हणाली, "जोडीदार म्हणजे तुमची बायको. आजार तुमच्याकडून तिच्याकडे गेला. तुम्ही बरे होता आणि तिच्याकडून परत घेऊन येता. तिच्या पोटात दुखतंय ते यानंच असणार."

हणमंतरावांचा चेहरा उतरला.

"तिला काय सांगू ताई? हैदराबादचं सांगू?"

"मी माझ्या तोंडानं सांगणार नाही, तसा नियम आहे. पण तिला आणावं लागेल. तपासणी आणि औषध राहिलं, तर पुढं मूल होणं अवघड."

"न्हाई होणार माझ्यानं."

तेव्हा ग्यानोबा उठून उभा राहिला. "मी तुझ्यासाठी दोनदा ओकलो," तो म्हणाला, "फुकट. आन् तुला तिच्यासाठी तोंड उघडवंना?"

बुद्धप्रियानं समुपदेशनाच्या कोर्सात दोन वर्षं घालवली होती. इतकं नेमकं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

गुरुवारी हणमंतरावांच्या पत्नी उमाबाई आल्या. नवऱ्याला सोबत आणलं होतं, पण बाहेरच्या बाकावर बसवून त्या एकट्याच आत आल्या. त्यांना सगळं कळलंय हे बघताक्षणी दिसत होतं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. आत सूज होती, पण फार उशीर झालेला नव्हता. चौदा दिवसांचं औषध, मग पुन्हा तपासणी. दोघांनी एकाच वेळी गोळ्या संपवायच्या, तोवर जवळ यायचं नाही. या वेळी बुद्धप्रियानं प्रत्येक शब्द दोनदा फोड करून सांगितला.

उमाबाईंनी पाकीट पदरात बांधलं. त्या उठतील असं वाटलं, पण उठल्या नाहीत.

"ह्यो ग्यानोबासंगट तीन दिवस बोलला न्हाई, तर आख्ख्या गावानं बैठक बसवली," त्या म्हणाल्या. "मला पाच म्हयने दुखून राहिलंय. मला कुणीच इचारलं न्हाई."

बुद्धप्रियानं समोरचा फॉर्म बाजूला सारला, टेबलाला वळसा घालून आपली खुर्ची उमाबाईंच्या शेजारी आणली आणि बसली.

"मी विचारते," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून सांगा."