गुडियाखालांचे कच्चे टाके

दार वाजलं की बायका आधी पदर सावरतात, नाहीतर ओले हात तरी पुसतात. गुडियाखाला आधी बाहुल्यांच्या कपाटावर चादर टाकायच्या. मग "कोन हाय?" म्हणून विचारायच्या, उत्तर आलं तरी पुन्हा एकदा विचारायच्या, आणि मगच कडी काढायच्या. दूधवाला रोजचा, त्याचा आवाजही रोजचाच. पण चादर पडल्याशिवाय दार त्यालाही उघडत नसे. मी त्यांच्याकडं भाड्यानं राहायला गेले त्या दिवशी डोक्यावर ट्रंक घेतलेल्या हमालासकट उन्हात ताटकळले होते. आत काय खजिना पुरलाय की काय, असं मी तणतणत त्या हमालाला म्हटलंसुद्धा.

उस्मानाबादच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली, तेव्हा आमचा मुलूख नुकताच मुंबई राज्यात गेला होता. आमचं गाव बेंबळी. एकट्या मुलीनं जिल्ह्याच्या गावी राहायचं कुठं, यावर घरात बराच खल झाला आणि शेवटी वडिलांनी खालांचं घर सुचवलं. खालांचे यजमान निजामाच्या अमदानीत तहसिलीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद ठेवणारे कारकून, होते आणि वडिलांचा त्यांच्याशी घरोबा होता. "त्या घरात तू बिनघोर राहशील," वडील म्हणाले. माणसांची पारख होती त्यांना, पण हे मात्र त्यांनी सपशेल उलटं सांगितलं. त्या घरात घोराशिवाय दुसरं काही नव्हतंच.

पोलीस अ‍ॅक्शनच्या दिवसांत पेशकारसाहेब एका सकाळी कचेरीचे कागद काखेत मारून ढोकीच्या बाजूला गेले होते. डोक्याला सरकारी पिवळा फेटा होता, दस्तार म्हणायचे त्याला. ते परत आलेच नाहीत. मेल्याचीही खबर कुणी आणली नाही. खालांनी कुणाला विचारलंही नाही, कारण ज्याला विचारायचं तोच उलट आपल्याला काय विचारील याची धास्ती. मी गेले तेव्हा या गोष्टीला कितीतरी वर्षं होऊन गेली होती. खालांच्या हातात काचेच्या बांगड्या तशाच होत्या. साहेब गेले असं त्या कधीच म्हणायच्या नाहीत, "साहेब बाहेर हायत" म्हणायच्या.

मोहल्ल्यात त्यांना गुडियाखाला म्हणत ते त्यांच्या बाहुल्यांच्या नादापायी. भिंतीतल्या मोठ्या कपाटात ओळीनं बाहुल्या बसलेल्या. चिंध्यांच्या होत्या, भुशाच्या होत्या, निर्मळ गावच्या हलक्या लाकडाच्या होत्या. चिंध्यांच्या बाहुल्या मोहल्ल्यातल्या पोरींना लग्नं लावायला मिळायच्या. बाकीच्यांना हात लावायचा नाही. आणि सगळ्यात वरच्या फळीवर एक बाजेवाल्यांचा ताफा. ढोलवाला, ताशेवाला, तुतारीवाले, आणि पुढं एक झेंडेवाला. सगळ्यांच्या अंगात पिवळे डगले, डोक्याला पिवळे दस्तार, आणि झेंडाही संस्थानाचाच, पिवळा, मध्ये पांढरी गोल चांदकी. हैदराबादच्या कुणा कारागिरानं बड्या अंमलदारांच्या घरांसाठी असे मोजकेच ताफे केले आणि नंतर साचा फोडून टाकला म्हणे. पेशकारसाहेबांना त्यांच्या वरिष्ठानं बदलीच्या वेळी हा दिला होता. पोलीस अ‍ॅक्शननंतर बाकीचे ताफे लोकांनी भीतीपोटी चुलीत घातले. खालांनी आपला ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवला होता.

बाहुलीत कसलाही बदल करायचा नाही, हा त्यांचा कायदा. एकीचा हात तुटला तर तो त्यांनी चिकटवला नाही. इवल्याशा पुरचुंडीत बांधून तिच्याच कमरेला अडकवला. कुणाचं नाक झिजलेलं, कुणाच्या ओढणीला कसर लागलेली, सगळं तसंच. मी एकदा म्हटलं, अहो, निदान त्या ओढणीला एक टाका तरी घाला. त्या म्हणाल्या, "जशी आली तशी ठेवायची, बेटी. आपन बदललं की ती आपली होती, पन ती ती ऱ्हात न्हाय."

कळंबच्या एका आडत्याच्या घरच्या आक्का होत्या, त्यांनाही बाहुल्यांचा भारी शौक. महालक्ष्म्यांपुढं त्यांची आरास बघायला अख्खं कळंब लोटायचं. एकदा त्या खालांना दाखवायला म्हणून आपली जुनी निर्मळची नवरी घेऊन आल्या. तिला त्यांनी नवा तेलरंग दिलेला, गाल गुलाबी, ओठ लालभडक, अंगावर जरीचं नवं लुगडं. आक्कांनी त्या बाईचा पुनर्जन्मच करून टाकला होता. खालांनी तिला हातात घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. आक्का बिचाऱ्या गोंधळल्या. पण त्याही काही लेच्यापेच्या नव्हत्या. आमच्या देवाला आम्ही वर्षाच्या वर्षाला रंग देतो, त्यानं देव दुसरा होतो का, असं त्यांनी विचारलं. खाला म्हणाल्या, देव परत येतो, करणाऱ्याचा हात परत येत न्हाय. दोघींचं काही पटलं नाही, पण चहा मात्र दोघींनी दोनदा घेतला. मला विचाराल तर तेव्हा मी आक्कांच्या बाजूची होते.

खालांचा मुलगा रशीद कलेक्टर कचेरीत कच्च्या नोकरीवर होता. सरळ, भिडस्त पोरगा. त्याला कायम करायचं ठरलं आणि त्यासाठी पोलीस घरी येऊन चौकशी करून जाणार, असं त्याला कचेरीत कळलं. त्या दिवशी तो घरी आला. जेवला नाही. वरच्या फळीकडं बघत बसला. मग आईला म्हणाला, हे जाळून टाका, नाहीतर यांचे कपडे बदला. निजामाची वर्दी आणि निजामाचा झेंडा घरात मिळाला तर नोकरी तर जाईलच, पण वर आणखी काय लावतील त्याचा नेम नाही. मोहल्ल्यातल्या एकाला निव्वळ निजामाच्या एका जुन्या फोटोपायी चावडीवर दिवसभर बसवून ठेवलं होतं, ते त्यानं सांगितलं. ते खोटं नव्हतं. त्या माणसाला घरी परत येताना मीही पाहिलं होतं.

रशीदनं माझ्याकडं बघितलं, "बाई, तुमीच सांगा अम्मीला."

मी सांगितलं. माझा स्वभाव आडपडदा न ठेवण्याचा. म्हटलं, खाला, पोरगा मोठा की बाहुल्या मोठ्या? पिवळं काढा, पांढरे सदरे शिवा, वर टोप्या घाला, आणि मोकळ्या व्हा. कोण पुसणार आहे?

खाला बांगड्या मागं सारत हळूच म्हणाल्या, "साहेब पुसतील की. आले आन् म्हनले माझा बाजा कुठं हाय, तर काय दाखवू?"

आतापर्यंत मला वाटत होतं की ही बाई बाहुल्यांसाठी भिते. ती नवऱ्यासाठी भीत होती. त्यानं ठेवलेलं त्याला जसंच्या तसं परत मिळालं पाहिजे, आणि त्याच्या पोराच्या मानेवरही काही येता कामा नये, या दोन भीतींच्या मध्ये ती अडकली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. भर दुपारी खालांनी दाराला आतून कडी घातली, खिडकीला सतरंजी लावली आणि ताफा खाली काढला. साहेबांच्या कचेरीचे कागद बांधायचं लाल खारव्याचं एक कोरं कापड घरात पडून होतं, ते फाडलं. पिवळ्या डगल्यांना त्यांनी कात्री लावली नाही. त्यावरूनच लाल अंगरखे चढवले, दस्तारांवर लाल फेटे गुंडाळले, झेंडा काठीलाच गुंडाळून त्याची वरातीतली दिवटी केली. आणि सगळं कच्च्या टाक्यांनी शिवलं, लांब लांब, गाठ न मारता. एक दोरा ओढला की सगळं उकलून यावं. "साहेब आले की वढीन," त्या म्हणाल्या. समोर चिंध्यांची नवरा-नवरी मांडली आणि झाली लग्नाची वरात. मी नुसती सुईत दोरा ओवून देत होते.

आमच्याकडं लाल कापड कोरं कधी शिवत नाहीत. आधी पाण्यात भिजत घालून त्याचा रंग उतरवून घेतात, हे पोरीबाळींनाही ठाऊक. खालांना तर ठाऊकच होतं. मी आठवण केली तर म्हणाल्या, "वाळत कुठं घालू? लोक इचारतील, एवढं लाल कशाला म्हनून." घराच्या दोरीवर लाल फडकं दिसायची चोरी, इतकी ती भीती. शिवलं तसंच कोरं.

हवालदार आला तो आठवड्याच्या आतच, सकाळी, मी शाळेला निघण्याच्या बेतात असताना. खालांनी सवयीनं चादर टाकली. रशीदनं ती ओढून काढली, कारण झाकलेलं दिसलं की माणूस हमखास उघडून बघतो. हवालदार तसा सौम्य बोलणारा होता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यानं नावं विचारली, साहेबांचं विचारलं. "बाहेर हायत" म्हणायला खाला तोंड उघडतायत तोच रशीदनं घाईघाईनं सांगितलं, की अब्बा नाहीत. पोराच्या तोंडून ते शब्द त्या घरात पहिल्यांदाच निघाले असावेत. खालांनी दाराची चौकट धरली.

मग हवालदाराची नजर वर गेली. वरात दिसते, तो म्हणाला. मी पुढं होऊन सांगितलं, आमच्या शाळेच्या पोरी इथं बाहुल्यांची लग्नं लावतात. ते खोटंही नव्हतं. तो जवळ गेला. त्यानं ढोलवाल्याला उचललं, फिरवून पाहिलं, आणि अंगरख्याच्या कडेखाली अंगठा घातला. खालून पिवळं दिसलं. मला दिसलं म्हणजे त्याला दिसलंच. रशीद तर भिंतीसारखा पांढरा झालेला.

हवालदारानं अंगठा काढला, कापड बोटानं सारखं केलं आणि ढोलवाल्याला जागेवर ठेवलं.

"टाके जरा बारीक घाला, मावशी," तो म्हणाला. "खालचं दिसतंय."

पाणी प्यायला आणि निघून गेला. रशीदची नोकरी पक्की झाली. झालं ते भल्याचंच झालं, असं मी खालांना परोपरीनं समजावलं. माणूस चांगला होता, बघूनही त्यानं न बघितल्यासारखं केलं, आता सोडा भीती. पण त्यांच्या मनानं उलटंच घेतलं. आधी कुणाला माहीत नव्हतं, आता एकाला माहीत होतं. तो हवालदार पुढं कधी रस्त्यानं जाताना हाक मारून विचारायचा, "काय मावशी, बरं हाय का?" त्याच्या मनात काही नसेल. पण त्या दिवशी खालांच्या अंगात कणकण यायची. त्यांनी टाके बारीक घातले नाहीत आणि उकललेही नाहीत. कपाटालाच कुलूप लावलं. जी बाई रोज सकाळी आपल्या बाहुल्यांवरची धूळ फुंकायची, ती कपाटाकडं पाठ करून बसायला लागली.

अशी तीन-चार वर्षं गेली. घर धाब्याचं. एका पावसाळ्यात त्या भिंतीत ओल उतरली, पोपडे सुटले, तरी कुलूप निघालं नाही. मग रशीदची कळंबला बदली झाली आणि घर सोडायची वेळ आली. सामान एसटीच्या टपावर जायचं, तेव्हा कपाट उघडणं भाग होतं. खालांनी मला हाक मारली. म्हणाल्या, आता नवीन गावात कोन वळखतंय, बाजा मोकळा करू, साहेबांचा हाय तसा घिऊन जाऊ. किती दिवसांनी त्यांचा चेहरा उजळलेला पाहिला मी. त्यांनी ढोलवाल्याला मांडीवर घेतलं आणि दोरा ओढला. सळकन सगळे टाके निघाले.

लाल अंगरखा बाजूला झाला आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. ओलीनं कोऱ्या कापडाचा रंग फुटला होता. पिवळ्या डगल्यावर छातीपासून खालपर्यंत लाल उतरलं होतं. दस्तारातून रंग कपाळावर ओघळून वाळला होता. दुसरा उघडला, तिसरा उघडला, सगळे तसेच.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलायला लागले, रिठ्याच्या पाण्यात घालू, लिंबू लावू, निघेल. खालांनी नक्को म्हणून मान हलवली. ढोलवाल्याच्या छातीवरून त्या कितीतरी वेळ बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "साहेबांचं असंच झालं असंल. मला कुनी सांगितलं न्हवतं."

एवढं बोलून त्यांनी हातातल्या बांगड्या उतरवल्या. फोडल्या नाहीत, एकेक करून काढल्या आणि बाहुल्यांच्या पेटीत ठेवल्या. मी त्यांच्याजवळ बसून राहिले. रडले मीच. त्या रडल्या नाहीत.

निघताना त्यांनी ढोलवाला माझ्या हातात दिला. जी बाई ताफ्यातली तुतारीसुद्धा इकडची तिकडं करू देत नसे, तिनं ताफा मोडला. म्हणाल्या, "ह्यो तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. धुऊ नक्को, बदलू नक्को. तुझ्या घराचं दार वाजलं तर कुनाला भ्यायचं कारन न्हाय." पुढं वर्षा-दोन वर्षांत त्या कळंबलाच वारल्या. बाकीचा ताफा रशीदनं जपला की नाही, मला विचारवलं नाही.

परवा पुण्याकडचे एक गृहस्थ आले होते. जुन्या बाहुल्या जमवतात म्हणे, आणि माझ्याकडच्या या दुर्मिळ नगाचं कुठूनसं ऐकून आलेले. त्यांच्या ओळखीचा कारागीर डाग काढून जुन्या पद्धतीचं नवं पिवळं कापड घालून देईल, बाहुली अगदी मूळ दिसेल, असं ते फार कळकळीनं सांगत होते. मी त्यांना म्हटलं, मूळ हीच आहे, आणि चहा देऊन वाटेला लावलं.

पण त्या भल्या माणसाला आधी उंबऱ्याबाहेर बराच वेळ उभं राहावं लागलं. दार वाजलं, तेव्हा ढोलवाला समोर टेबलावर होता. कडी काढायच्या आधी मी त्याच्यावर चादर टाकली, आणि "कोण आहे?" म्हणून दोनदा विचारलं.