दादाचं अर्धं कोर्ट

आमच्या दादाला भिंतीशी बोलायची सवय होती. सवयीबद्दल माझी काही तक्रार नाही. अडचण एवढीच होती की भिंत नव्हती.

रायपूरच्या घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा मागच्या अंगणात मधोमध भिंत घालायची ठरली होती. पण ती किती उंच असावी यावर आम्हा दोघा भावांचं एकमत होईना, म्हणून चुन्याची रेघ मारून भागवलं. दादा रोज त्या रेघेपाशी उभा राहायचा. "उद्या नळ येणार नाही. मी भिंतीले सांगून राहिलो. कोणी ऐकत असन तं त्याची मर्जी." कोणी म्हणजे मी. तीन हातांवर मिरच्यांना पाणी घालत असायचो. ऐकलंच नाही असा चेहरा करून आत जायचो आणि मुकाट्यानं बादल्या भरून ठेवायचो.

अबोला झाला तो बिहीच्या झाडावरून. पेरूला आमच्याकडे बिही म्हणतात. बाबांनी लावलेलं ते झाड माझ्या वाट्याला आलं, आणि गाडी ठेवायला जागा हवी म्हणून मी ते तोडून टाकलं. दादा तेव्हा नव्या रायपूरला सरकारी ऑफिसात होता. संध्याकाळी आला, खोडाकडे पाहून म्हणाला, "काहून तोडलं बे विन्या?" त्यानंतर नऊ वर्षं तो माझ्याशी थेट बोलला नाही. गाडी तिथे शेवटी मावलीच नाही, म्हणून मी मिरच्या लावल्या. चूक माझी होती आणि मला ती ठाऊक होती. पण आपण कबूल करावं आणि समोरच्यानं मोठेपणा मिरवावा, हे काही मला परवडण्यासारखं नव्हतं.

रिटायर झाल्यावर दादाला शुगर निघाली. डॉक्टरांनी रोज फिरायला सांगितलं. दादा म्हणाला, "कुठंच न जाता परत येणं? थे काम मी सरकारात पस्तीस वर्षं केलं." आणि आठवड्याभरात त्याच्या अंगणात खडी-गिट्टीचा ट्रक आला.

पुढचे पंधरा दिवस त्या एवढ्याशा जागेत जे चाललं होतं, ते पाहून वाटावं की इथे विमानं उतरणार आहेत. जमीन खणली, गिट्टी घातली, रोलर फिरवला, वर हिरवं प्लास्टिकचं गवत डिंकानं चिकटवलं, त्यात बारीक रेती झाडूनं भरली. पांढऱ्या पट्ट्या ओढल्या. जिथे भिंत व्हायची तिथे, बरोबर चुन्याच्या रेघेवर, बॅडमिंटनची जाळी उभी केली. आणि काम संपलं. जाळीच्या पलीकडे हिरवंगार अर्धं कोर्ट, अलीकडे माझ्या मिरच्या.

ठेकेदार बिचारा धंद्यातला माणूस. त्यानं विचारलं, "भैया, आधे कोर्ट में खेलेंगे किससे?"

"दीवार से," दादा म्हणाला. ठेकेदार बराच वेळ भिंत शोधत होता.

मला तर ऐतं कोलीत मिळालं. पंडरी बाजारातल्या माझ्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की आधी दादाचं कोर्ट, मग कापड. उन्हाळ्यात ते गवत तव्यासारखं तापायचं, म्हणून तो पाइपनं त्याला पाणी घालायचा. प्लास्टिकच्या गवताला पाणी घालणारा माणूस आमच्या घराण्यात निपजला, हे मी कौतुकानं सगळ्यांना सांगत असे.

सकाळी सहाला तो पडवीत ताडपत्रीत बांधलेल्या एका जाडजूड गुंडाळीवर बसून बुटांच्या नाड्या बांधायचा आणि खेळ सुरू करायचा. शटल मारलं की माझ्या मिरच्यांत. "भिंतीनं परत केलं तं बरं होईन." पहिले काही दिवस मी हातानं फेकलं. मग डास मारायच्या रॅकेटनं टोलवलं. मग मुलीची जुनी रॅकेट माळ्यावरून काढली, केवळ मिरच्यांचं नुकसान टळावं म्हणून. दादा मोठ्यानं गुण मोजायचा, "मी अकरा, भिंत चार." माझ्या बाजूला ढेकळं होती. एकदा मी सपशेल आपटलो. दादा आभाळाकडे बघून म्हणाला, "भिंतीचा पाय घसरून राहिला. गवत असतं तं घसरला नसता."

मी मिरच्यांना म्हणालो, "प्लास्टिकवर नाचायची हौस नाही आम्हाला."

काय हजरजबाबी होतो मी.

दुसऱ्या पावसाळ्यात दादा गेला. दोनच दिवस दवाखान्यात होता. मी शेजारी बसलो होतो. तिथे खरीखुरी भिंत होती, तिच्याकडे तोंड करून तो म्हणाला, "मिरच्या तोडायले आल्या. सांगून राहिलो." मी "हो दादा" म्हणालो. नऊ वर्षांत मी त्याला दिलेलं हे एकमेव उत्तर.

तेरावं झाल्यावर वहिनींनी पडवीत बोलावलं आणि ताडपत्री सोडली. आत गवताची गुंडाळी होती, माझ्या अर्ध्या अंगणाच्या मापाची.

"दोन्ही संगंच घेतले होते," वहिनी म्हणाल्या. "म्हणे, एकाच लॉटचं पाहिजे, मागून रंगाचा शेड जुळत नाही. विन्या दुकानात गिऱ्हाइकाले रोज हेच सांगते."

"मग मले सांगितलं काहून नाही?"

"भिंतीले सांगितलं म्हणत होते. रोज."

मी मिरच्या उपटल्या. त्याच ठेकेदाराला बोलावून गवत लावून घेतलं. शेड जुळला नाही. दादाची बाजू दोन उन्हाळ्यांनी फिकी पडली आहे आणि माझी नवीकोरी, गडद. एका लॉटचं असलं तरी एक उन्हात आणि एक बांधून ठेवलं तर असंच होणार, हे इतकी वर्षं कापड विकणाऱ्याला कुणी सांगायला नको होतं.

आता सकाळी सहाला मी जाळीपाशी उभा राहतो आणि म्हणतो, "दादा, झाड तोडाले नव्हतं पाहिजे. सांगून राहिलो. कोणी ऐकत असन तं त्याची मर्जी."